विश्वास आणि बाप्तिस्मा : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील क्रमाचा प्रश्न

प्रास्ताविक

ख्रिस्ती धर्मशास्त्रात तारणाचा विचार सुरू झाला की विश्वास आणि बाप्तिस्मा हे दोन शब्द जोडीने येतात. तारणाला यांपैकी आवश्यक कोणता, दोन्ही आवश्यक असतील तर आधी कोणता, आणि एक असून दुसरा नसेल तर त्या माणसाची गती काय, हे प्रश्न मंडळीच्या पहिल्या शतकापासून विचारले गेले आहेत. युरोपात त्यांवरून पंथ फुटले, परिषदा भरल्या आणि प्रसंगी माणसांना देहदंडही झाला. मराठीत मात्र हे प्रश्न सर्वांत जिवंतपणे भेटतात ते आत्मकथनांत. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय', पंडिता रमाबाईंची १९०७ सालची साक्ष आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या तीन लेखनांत विश्वास आणि बाप्तिस्मा यांचा संबंध तीन निराळ्या रीतींनी मांडला गेला आहे.

मराठी समीक्षेने ही लेखने बहुधा धर्मांतराच्या कथा म्हणून वाचली, आणि धर्मांतराची तारीख म्हणून बाप्तिस्म्याची तारीख धरली. 'अमुक साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला' हे वाक्य वाङ्मयेतिहासांतून आणि चरित्रात्मक नोंदींतून इतक्या सहजपणे येते, की त्यात काही गृहीत धरले आहे हे ध्यानात येत नाही. बाप्तिस्मा हाच कथेचा उत्कर्षबिंदू, त्याच्या आधी शोध आणि नंतर फलश्रुती, अशी ही रचना आहे. प्रत्यक्ष संहिता या रचनेत बसत नाहीत. पदमनजींचा विश्वास बाप्तिस्म्याच्या कितीतरी आधी जागा झालेला आहे; रमाबाईंच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला; लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो स्वयंपाकघराच्या वाटेने आला. या विसंगतीकडे दुर्लक्ष केले की तिन्ही लेखने एकसारखी दिसू लागतात, आणि त्यांतला खरा वाद हातून निसटतो.

वचनांतील ताण

हा वाद मुळात नव्या करारातच आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेणाऱ्याला तारणाचे अभिवचन आहे. परंतु त्याच वचनाच्या उत्तरार्धात दंड सांगितला आहे तो केवळ विश्वास न ठेवणाऱ्याला. बाप्तिस्मा न घेणाऱ्याचा तेथे उल्लेख नाही. दोन्ही पक्षांनी शतकानुशतके हेच वचन आपापल्या बाजूने वापरले. शिवाय मार्काच्या शुभवर्तमानाचा हा दीर्घ समारोप सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत आढळत नाही, ही पाठचिकित्सेची अडचण आहेच. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला पाणी आणि आत्मा यांपासून जन्म घेण्याविषयी सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरील गुन्हेगाराला कोणत्याही पाण्यावाचून त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळते.

प्रेषितांच्या कृत्यांत तर क्रम प्रत्येक प्रसंगी बदलतो. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्र आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा, मग आत्म्याचे दान असा क्रम सांगतो. शोमरोनातील लोकांचा बाप्तिस्मा झालेला आहे, आत्मा मात्र नंतर येतो. आणि त्यांच्यातच विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेला शिमोन आत्म्याचे सामर्थ्य पैशाने विकत घेऊ पाहतो. कर्नेल्याच्या घरी सगळे उलटे घडते : आत्मा आधी उतरतो आणि आता पाणी कोण नाकारणार, असा पेत्रापुढे प्रश्न पडतो. हबशी षंढाच्या प्रसंगात, पूर्ण अंतःकरणाने विश्वास असेल तर बाप्तिस्मा घेता येईल, असे फिलिप्प सांगतो ते वचन जुन्या हस्तलिखितांत नाही. कोणा नकलकाराला तो प्रसंग विश्वासाच्या कबुलीवाचून अपुरा वाटला असावा. विश्वास आधी आणि पाणी नंतर हा क्रम संहितेला नंतर शिवलेला आहे, ही बाब बोलकी आहे.

पौलाची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात अब्राहाम सुंतेच्या आधीच विश्वासाने नीतिमान ठरला आणि सुंता ही त्यावरील केवळ मोहोर होती, असा तो युक्तिवाद करतो. हाच न्याय बाप्तिस्म्याला लावला तर बाप्तिस्मा ही मोहोर ठरते, पत्र नव्हे. पण दोनच अध्याय पुढे तोच पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्तासह मरण आणि पुरून घेणे म्हणतो, आणि मरण ही नुसती मोहोर नसते. सोळाव्या शतकातील सगळे वाद पौलाच्या या दोन अध्यायांमधल्या फटीत उभे आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. विश्वासाने बाप्तिस्मा घडत नाही, विश्वास त्याचा केवळ स्वीकार करतो, असे ल्यूथरने मांडले. झुरिकमध्ये १५२५ साली प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यांनी विश्वासावाचून बाप्तिस्मा नाहीच अशी भूमिका घेतली, आणि त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला १५२७ साली लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आले. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली बाप्तिस्मा तारणाला आवश्यक असल्याचे ठरवले. त्याच परिषदेने बाप्तिस्म्याच्या इच्छेलाही स्थान दिले.

मराठी आत्मकथनांच्या संदर्भात या सगळ्यापेक्षा अधिक उपयोगी पडते ती ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मधील एक हकिकत. व्हिक्टोरिनस हा रोममधील नामांकित वक्तृत्वाचार्य. शास्त्रग्रंथ वाचून त्याचे मन ख्रिस्ताकडे वळते आणि आपण ख्रिस्तीच झालो आहोत असे तो सिंप्लिसियानसला खासगीत सांगू लागतो. तुला मंडळीत पाहीपर्यंत मी ते मानणार नाही, असे उत्तर मिळते. त्यावर, मग माणसे काय भिंतींनी ख्रिस्ती होतात, असा व्हिक्टोरिनस हसून प्रतिप्रश्न करतो. पुढे एके दिवशी तो स्वतःच मंडळीत चालण्यास निघतो. ऑगस्टीनने कारणही दिले आहे : प्रतिष्ठित मित्रांचा रोष ओढवण्याची त्याला भीती वाटत होती. भिंतींचा प्रश्न तर्काला धरून आहे. मात्र तो विचारणारा माणूस भ्यालेला आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे ऑगस्टीनला ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत आणि पुण्यात असे व्हिक्टोरिनस कमी नव्हते.

पाण्याआधीचे अन्न

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानला जातो त्या फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची (१६१६) निमित्तकथाच बाप्तिस्मा झालेल्या पण शिकवण अपुरी मिळालेल्या समाजाची आहे. साष्टीतील नवख्रिस्ती आपली जुनी पुराणे हिरावली गेली, त्यांच्या जागी वाचायला काही द्या, असे मागतात आणि त्यातून ग्रंथ उभा राहतो. पाणी आधी, कथा नंतर असा हा क्रम आहे. अव्वल इंग्रजी काळातील प्रॉटेस्टंट मिशनांनी तो बदलला. शाळा, बायबल, वादविवाद, खात्री आणि अखेरीस बाप्तिस्मा ही त्यांची पद्धत. तीर्थस्नानाने पाप धुतले जात नाही, असे हिंदू वाचकाला सांगणाऱ्या मिशनरी लेखनाला बाप्तिस्म्याच्या पाण्याचे समर्थन करताना अवघडल्यासारखे होणे साहजिक होते. म्हणून पाण्यापेक्षा विश्वासावर भर देणे त्यांना सोयीचेही होते. (वसईकडील कॅथलिक परंपरेत रूढ असलेला 'स्नानसंस्कार' हा शब्द प्रॉटेस्टंट लेखनात रुजला नाही, यामागे हेही एक कारण असू शकेल. संतांनी बाह्य स्नानाची केलेली थट्टा मराठी वाचकाच्या कानात होतीच.)

परंतु मिशनऱ्यांच्या या नीट लावलेल्या क्रमात समाजाने आपला एक निकष घुसवला. १८४३ सालचे शेषाद्री प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. नारायण शेषाद्री यांनी त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला आईवडिलांकडे परत देण्यात आले. ख्रिस्ती दृष्टीने पाहता श्रीपत बाहेरच होता. तरीही त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे की नाही यावर मोठे वादळ उठले, आणि बाळशास्त्री जांभेकरांना त्याच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. कारण मुलाने मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते. ज्ञातीच्या लेखी बाटण्याची रेषा पाण्यापाशी नव्हती, ताटापाशी होती.

बाप्तिस्म्याचा अर्थ मंडळी एक लावते आणि ज्ञाती दुसरा. बाप्तिस्मा घेणाऱ्याला मात्र दोन्ही अर्थ एकाच देहाने सोसावे लागतात. बाबा पदमनजींच्या (१८३१–१९०६) लेखनाचे मोल येथे कळते. बेळगावच्या कासार कुटुंबात जन्मलेले पदमनजी मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी ते परमहंस सभेचे सभासद होते. जातिभेद न मानणारी ही सभा गुप्त होती. सभासद होताना परजातीच्या हातची भाकरी किंवा पाव खाण्याची रीत होती, तीही दाराआड. सभासदांची यादी १८६० साली चोरीला गेली आणि नावे उघड होण्याच्या धास्तीने सभा मोडली.

परमहंस सभा हा व्हिक्टोरिनसांचा समुदाय होता. श्रद्धा होती, धैर्याची तारीख मात्र ठरत नव्हती. पदमनजींनी ही अवस्था आतून पाहिलेली असल्यामुळे 'अरुणोदया'त विश्वास आणि बाप्तिस्मा यांच्यामधील काळाला एवढी जागा मिळाली आहे. ग्रंथाचे नावच या दृष्टीने पाहावे. अरुणोदय ही क्षणाची घटना नव्हे. उजाडले केव्हा हे नेमके सांगता येत नाही. विश्वासाला तारीख नसते, बाप्तिस्म्याला असते. घरच्यांचे अश्रू, स्वतःची टाळाटाळ, पुन्हा वाचन, पुन्हा खात्री, हे चक्र त्यांनी ज्या तपशिलाने दिले आहे त्यावरून दिसते की त्यांच्या लेखी विश्वास केव्हाच झाला होता. राहिले होते ते त्याचे उत्तरदायित्व. जे गुप्तपणे करता येत नाही असे एकमेव ख्रिस्ती कृत्य म्हणून बाप्तिस्मा त्यांच्या कथेत येतो. ग्रंथातील उपदेशाचा भाग आज वाचताना कंटाळवाणा वाटतो आणि हिंदू आचारांवरील त्यांची टीका अनेकदा उथळ आहे. पण या मधल्या काळाचे चित्रण हे एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचे एक सामर्थ्य आहे, आणि 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीच्या प्रसिद्धीमुळे त्याकडे झालेले दुर्लक्ष समर्थनीय नाही.

रमाबाईंचे दोन विश्वास

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत क्रम उलटा होतो आणि प्रश्न अधिक अवघड बनतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची अडीच वर्षांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात त्या बातमीने जे वादळ उठवले ते सर्वश्रुत आहे. या एका दिवशी, एकाच ठिकाणी, विश्वास आणि बाप्तिस्मा यांच्या संबंधाचे दोन निरनिराळे नमुने घडले, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. एक प्रौढ विदुषी, जिने वेदान्त, ब्राह्म मत आणि बायबल यांची तुलना करून निर्णय घेतला होता; आणि एक बालिका, जिच्या स्वतंत्र विश्वासाचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९०७ सालच्या साक्षेत रमाबाईंनी या बाप्तिस्म्यामागची कारणे सांगितली आहेत. लंडनजवळ फुलॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, या सेवेमागची प्रेरणा विचारली, आणि उत्तरादाखल त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांचा प्रसंग सांगण्यात आला. हिंदू शास्त्रांनी ज्या स्त्रीला दूर लोटले असते तिच्याशी येशू विहिरीवर बोलतो, हे त्यांना निर्णायक वाटले. नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या पत्राचाही त्यांच्या मनावर परिणाम झाला. हे सगळे सांगून झाल्यावर साक्षेला अनपेक्षित वळण मिळते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, अशा आशयाची त्यांची कबुली आहे. हे भान येण्यास निमित्त झाले ते विल्यम हॅस्लमच्या आत्मकथनाचे. हॅस्लम हा कॉर्नवॉलमधील अँग्लिकन धर्मगुरू. १८५१ साली व्यासपीठावर प्रवचन करता करता त्याचेच मनःपरिवर्तन झाले. इतरांना वर्षानुवर्षे बाप्तिस्मा देणारा माणूस स्वतः विश्वासाबाहेर असू शकतो, हा त्या कथेचा धक्का रमाबाईंना लागला.

साक्षेतील ही मांडणी जशीच्या तशी स्वीकारावी काय? बहुतेक अभ्यासकांनी ती स्वीकारली, आणि भाविक चरित्रकारांनी तर तिचा आदर्श केला. त्याला एक आक्षेप संभवतो. ही साक्ष केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या जागृतीनंतर लिहिली गेली. 'साक्ष' या वाङ्मयप्रकाराचा स्वतःचा साचा असतो : आधीचा धर्म बाह्य, नंतरचा अनुभव आंतरिक, मध्ये एक पुस्तक, एक क्षण, एक जागे होणे. या साच्यात १८८३ साल बसवायचे तर त्यातला विश्वास थोडा फिका करून दाखवावा लागतो. रमाबाईंनी त्या काळात लिहिलेली पत्रे, जी ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या संग्रहाद्वारे १९७७ साली प्रकाशित झाली, वेगळेच चित्र उभे करतात. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांना त्या त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांविषयी खडे प्रश्न विचारतात. ख्रिस्ताच्या मंडळीत आपला बाप्तिस्मा झाला म्हणून धर्मगुरूच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मान्य करण्यास आपण बांधले गेलो नाही, ही त्यांची भूमिका १८८५ सालच्या पत्रव्यवहारात स्पष्ट आहे. जेराल्डिनला हा उद्धटपणा वाटला. बाप्तिस्मा म्हणजे आज्ञापालनाची शपथ, अशी तिची समजूत. बाप्तिस्मा म्हणजे देवापुढे मोकळे झालेले विवेकाचे दार, अशी रमाबाईंची.

अशा पत्रांची लेखिका तेव्हा विश्वासहीन होती असे म्हणणे धाडसाचे आहे, मग ते तिने स्वतः म्हटलेले असले तरी. अधिक रास्त स्पष्टीकरण असे, की रमाबाईंच्या लेखनात 'विश्वास' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. १८८५च्या सुमारास तो विवेकाची निष्ठा आहे : जे पटले ते मानायचे आणि न पटलेले मानल्याचे ढोंग करायचे नाही. १९०७ साली तो खात्री आहे : आपले पाप क्षमा झाले ही व्यक्तिगत, सर्वस्वी कृपेवर टाकलेली खात्री. पहिल्या अर्थाने बाप्तिस्मा हा विश्वासाचा निष्कर्ष होता. दुसऱ्या अर्थाने तो विश्वासाची वाट पाहत होता. मराठी समीक्षेने एकतर पत्रांतील बंडखोर रमाबाई घेतल्या किंवा साक्षेतील भक्तिन रमाबाई. दोघींना एकाच बाप्तिस्म्याने बांधले आहे, आणि म्हणून दोन्ही संहिता एकत्र वाचल्यावाचून त्या बाप्तिस्म्याचा अर्थ लागत नाही. साक्षेत त्या १८८३च्या घटनेला खोटे ठरवत नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे. नवा धर्म मिळाल्याचा आनंद तेव्हा झाला होता असे त्या सांगतात. तो अपुरा होता, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. ल्यूथरच्या विचाराशी याचे साम्य आहे : बाप्तिस्मा उभा राहतो, विश्वास त्याला उशिरा गाठतो.

मनोरमेचा प्रश्न मात्र त्यांनी उघडपणे सोडवला नाही. मुलीच्या धर्मशिक्षणावरून जेराल्डिनशी त्यांचा कडवा वाद झाला. स्वतःच्या विवेकासाठी जे स्वातंत्र्य रमाबाईंनी मागितले ते बाल्यातच बाप्तिस्मा दिलेल्या मुलीला कोणत्या वाटेने मिळायचे, हे मात्र या वादातून स्पष्ट होत नाही.

टिळक दांपत्य

नारायण वामन टिळकांची वाट बाबा पदमनजींच्या जवळची. १८९३ साली रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. विश्वास मनोमन झाला आणि तरीही काही काळ पाऊल अडखळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही वार्ता कळली त्या प्रसंगाचे 'स्मृतिचित्रे'मधील वर्णन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. नवरा जिवंत असून गेल्यासारखा. पौल बाप्तिस्म्याला मरण म्हणतो ते उपमेने. लक्ष्मीबाईंच्या माहेरी-सासरी ते अक्षरशः घडले, फक्त मरणाचा शोक मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आला. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय या बाजूने वाचणारा दुसरा मराठी ग्रंथ क्वचितच सापडेल.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे परिवर्तन हा या चर्चेतील सर्वांत उपेक्षित भाग आहे. पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी कसोशीने सांभाळले. बदल झाला तो राहुरीच्या मुक्कामात. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला, आणि माणसाने केली असे ठरल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपण मोकळ्या आहोत, असे त्यांनी मानले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तकात त्या जातिविचाराला जी धार आहे ती बाप्तिस्म्याच्या विधीला नाही. काही वाचकांना ही उणीव वाटते. धार्मिक अनुभवाची खोली लक्ष्मीबाईंच्या विनोदी शैलीला पेलली नाही, असा आक्षेपही घेता येईल. तो टिकणारा नाही. श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात ज्ञातीने बाटण्याची जी रेषा ताटापाशी ओढली होती, तीच रेषा लक्ष्मीबाईंनी आतून ओलांडली. पेत्राला कर्नेल्याच्या घरी जाण्याआधी जो दृष्टांत होतो तोही खाण्याचाच आहे : निषिद्ध प्राण्यांनी भरलेली चादर आणि खा म्हणून आज्ञा. तेथेही आधी अन्नाचा प्रश्न सुटतो, मग आत्मा येतो, मग पाणी. लक्ष्मीबाईंनी हा संदर्भ सुचवला नसला तरी त्यांच्या कथेचा क्रम प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायाशी तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच त्यांचा विश्वास उथळ ठरवणे चुकीचे आहे.

टिळकांचे अखेरचे पाऊल याहून धाडसी होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिष्यांना स्थान होते. ज्याने बाप्तिस्म्यासाठी घर, ज्ञाती आणि काही वर्षे पत्नीही गमावली, त्यानेच दोन तपांच्या आत बाप्तिस्मा ही प्रवेशाची अट काढून टाकावी, यात विसंगती दिसते. भक्तिपरंपरेचा प्रभाव एवढेच स्पष्टीकरण पुरेसे नाही. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ताकडे जातो की मिशनच्या आवारात, हा प्रश्न टिळकांना बावीस वर्षांच्या अनुभवातून पडला होता. मात्र मे १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग बाल्यावस्थेतच राहिला. अशा शिष्यसमूहाला पुढच्या पिढीत काय धरून ठेवणार, याचे उत्तर दरबाराला द्यावे लागले नाही. त्यामुळे त्याचे यशापयश ठरवणे अवघड आहे. अर्धशतकानंतर, १९७०च्या दशकाच्या प्रारंभी, एम. एम. थॉमस आणि लेस्ली न्यूबिगिन यांच्यात नेमका हाच वाद झाला. बाप्तिस्मा हे भारतात एका जमातीतून दुसरीत जाण्याचे चिन्ह बनले असेल तर हिंदू समाजात राहूनच ख्रिस्ताभोवती जमणारी मंडळी शक्य आहे, असे थॉमस यांचे म्हणणे. दृश्य, वेगळी ओळखता येणारी मंडळी टाळता येत नाही, असे न्यूबिगिन यांचे. त्या चर्चेची मराठी पूर्वपीठिका साताऱ्यात आहे.

ज्यांनी लिहिले नाही

वरील सर्व लेखन शिक्षित, बहुतांशी ब्राह्मण व्यक्तींचे आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील आणि मराठवाड्यातील महार व मांग कुटुंबांतून आलेला आहे. तेथे बाप्तिस्मा अनेकदा घराण्याने किंवा वस्तीने मिळून घेतला. मिशनऱ्यांच्या मनात अशा सामुदायिक बाप्तिस्म्याविषयी शंका असे : विश्वास किती आणि दुष्काळातील धान्य किती? ही शंका घेताना फिलिप्पैतील तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घराचा एका रात्रीत झालेला बाप्तिस्मा विसरला जाई. एकट्याने पुस्तक वाचून पटणारा विश्वास हाच खरा, ही कसोटी वाचता येणाऱ्यांनी लावलेली आहे. ज्याला विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते त्याच्या दृष्टीने सर्वांबरोबर एकाच पाण्यात उतरणे हीच विश्वासाची कृती असू शकते. गलतीकरांस पत्रात पौलाने बाप्तिस्म्याचा परिणाम म्हणून भेद मिटल्याचे सांगितले आहे ते याच अर्थाने. पुढे मंडळीतही जातीच्या पंगती मांडल्या गेल्या, हा त्या वचनाचा झालेला पराभव.

या समाजापुढे बाप्तिस्म्याचा अर्थ लावणारा तिसरा पक्ष आला तो राज्यसंस्थेचा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ही ओळख हिंदूंपुरती ठेवली; १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा तीत समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राचा दावा फेटाळला. तिच्या नियमित उपासनेबरोबर बालपणी झालेला तिचा बाप्तिस्माही त्या प्रकरणात विचारात घेतला गेला. धर्मशास्त्रात ज्या बालबाप्तिस्म्यात विश्वास आहे की नाही यावर पाचशे वर्षे वाद चालू आहे, तो कायद्यापुढे धर्माचा एक पुरावा म्हणून उभा राहिला. अनेक दलित ख्रिस्ती कुटुंबे कागदोपत्री हिंदू राहून उपासनेला जातात, आणि काही जण विश्वास ठेवूनही पाण्यात उतरणे टाळतात. त्यांना व्हिक्टोरिनसप्रमाणे भित्रे म्हणता येईल. पण व्हिक्टोरिनसपुढे मित्रांच्या नाराजीचा प्रश्न होता, यांच्यापुढे मुलांच्या शिष्यवृत्तीचा आहे.

या कुटुंबांची आत्मकथने फारशी उपलब्ध नाहीत. मंडळीच्या नोंदवह्यांत नाव, गाव, वय आणि बाप्तिस्म्याची तारीख सापडते. 'अरुणोदया'त ज्या मधल्या काळाने शेकडो पृष्ठे व्यापली, त्यासाठी नोंदवहीत रकानाच नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या पुढील अभ्यासाला या नोंदवह्यांकडे आणि त्या वस्त्यांतील वृद्धांच्या मौखिक कथनांकडे वळावे लागेल. ती सांगणारी पिढी झपाट्याने विरळ होत आहे.